हात थांबवायचा नाही

ब्रागाहून आलेली डॉक्टर वहीच्या मागच्या पानावर
हृदय काढते. बटाट्यासारखं दिसतं.
वरच्या अंगाला कानाच्या पाळीएवढा कोपरा,
त्यात ती पेनने टिंबं देत राहते.
वरचे कप्पे आवळत नाहीत, म्हणते, नुसते थरथरतात,
रक्त या कोपऱ्यात रेंगाळतं,
रेंगाळलं की साकळतं,
आणि एखादी गुठळी सुटली, की थेट मेंदूत.
आल्बानो खिडकीबाहेर बघतो.
मी कोपऱ्याकडे.

यातलं मला कळतं.

नऊ वर्षांची होते तेव्हापासून
डिसेंबरात डुक्कर कापायच्या सकाळी
त्याच्या मानेखाली भांडं धरायचं काम माझं.
तळाला व्हिनेगर, हातात लाकडी डाव,
आणि आईचा एकच धाक : हात थांबवायचा नाही.
बोटं गारठली तरी नाही.
रडायचं तर ढवळता ढवळता रड.
एकदा थांबले, मांजरीची पिल्लं बघायला,
तेवढ्यात भांड्यात वडी धरली.
त्या वर्षी आमचा रक्तातला भात झालाच नाही
आणि का झाला नाही ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

"चाळीस वर्षं खाणीत रक्ताचं पाणी केलं,"
आल्बानो म्हणाला, "आता अजून किती पातळ करणार?"
डॉक्टर हसली, आणि लिहून दिलं :
सोमवारी एक, मंगळवारी अर्धी, बुधवारी एक...
दर दुसऱ्या गुरुवारी ग्रासिएते नर्स बोट टोचते.
आकडा दोनच्या वर हवा, तीनच्या आत.
दाढीचं पातं गेलं, द्राक्षवेल छाटायची कात्री
जावयाच्या ताब्यात गेली.
सूपातली हिरवी पानं बंद करू का, मी विचारलं.
बंद नको, म्हणाली, फक्त रोज तेवढीच.
तेव्हापासून चिरलेल्या पानांची एक मूठ. माझी मूठ.
पाहुणे आले तरी, भांडण झालं तरी तेवढीच.
पन्नास वर्षांच्या संसारात
इतकं मोजून मी त्याला काहीच दिलं नव्हतं.

मग फेब्रुवारीत, पत्त्यांच्या टेबलावर
त्याच्या हातात हुकुमाची सत्ती होती,
उतरायच्या आधीच तिच्यावर नाकातून रक्त पडलं.
वीस मिनिटं थांबेना. बाकीच्यांनी
पत्ते धुऊन वाळत घातले, आणि हसले.
हसणं त्याला लागलं. रक्त नाही.

एप्रिलात कोट झटकताना
खिशातल्या काडेपेटीत गोळ्या निघाल्या.
एकोणीस. अर्ध्या वेगळ्या, नीट लावलेल्या.

मी ओरडले नाही. एर्मिनियोचं नावसुद्धा काढलं नाही,
ज्याने असंच आपल्या मनाने सोडलं
आणि आता जो उजव्या बाजूला शाल पांघरून बसतो,
हाक मारली की फक्त "गुरुवार" म्हणतो.
कोणता गुरुवार, त्याच्या बायकोलाही माहीत नाही.

कोंबडी कापायची होती रविवारसाठी.
दोन वाट्या घेतल्या. एकीत व्हिनेगर,
ती मांडीवर धरून ढवळत राहिले.
दुसरी त्याच्यासमोर ठेवली, तशीच.
"काय आहे हे?"
"बस जरा."

बाहेर कोणाचा तरी ट्रॅक्टर सुरू होत नव्हता.
त्याने चमच्याच्या टोकाने
दुसऱ्या वाटीच्या कडेला हलकेच दाबून पाहिलं.
थरथरलं, पण सांडलं नाही.
मग माझ्या वाटीकडे बघितलं. मग माझ्या मनगटाकडे.

"दुखत नाही का?" म्हणाला.
"दुखतं."

काडेपेटी त्याने स्वतःच उघडली. मी म्हटलं,
एकदम नको, शहाण्या, गुरुवारी तिला विचारू.
आणि सगळं खरं सांगायचं.

आता बरं चाललंय. निळे डाग पडतात दंडावर,
आकडा कधी तीनच्या पुढे जातो, कधी मागे.
ठोका आमचा पहिल्यासारखाच, ना ताल ना हिशेब.

तक्रार एकच आहे त्याची, ग्रासिएतेलाही सांगून झाली :
रात्री झोपेत माझा हात, म्हणे,
त्याच्या छातीवर गोल गोल फिरतो.
त्याला झोप लागत नाही.